पाण्यातला बगळा, देठावरचा बगळा

जपानच्या दलदलीत एक रानफूल उमलते. पाहणाऱ्याला वाटते, पंख पसरून बगळाच उडतो आहे. त्या फुलाला नावही बगळ्याचेच मिळाले. या दोघांचे साम्य कुठवर खरे आहे, आणि दोघांच्या नशिबात फरक कुठे पडला?

भाताच्या खाचरात चिखलणी सुरू झाली की औतामागे बगळे हजर होतात. आवतण द्यावे लागत नाही. गावात तळे असो, शहरात नाला असो, बगळा आपला एका पायावर उभा! त्याच्या या उभे राहण्याला आपण ‘बकध्यान’ म्हणतो आणि ढोंगी साधूला त्याची उपमा देतो. संध्याकाळी त्यांची माळ घराकडे निघाली की पोरे हाताची नखे नाचवत त्यांच्याकडे कवडी मागतात. नखावर पांढरा ठिपका उमटला, की ती बगळ्याने दिलेली कवडी! इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरांतही हा खेळ ज्यांनी खेळला असेल, त्यांना बगळ्याची ओळख करून देण्याची गरज नाही.

ओळख करून द्यायची आहे ती दुसऱ्या बगळ्याची. हा बगळा उडत नाही, मासे खात नाही, जागचा हलतही नाही. हे एक फूल आहे. मुख्यतः जपानमध्ये, शिवाय कोरिया आणि आसपासच्या प्रदेशात ते ओल्या, दलदलीच्या जागी उगवते. जपानी भाषेत त्याचे नाव ‘सागिसो’. सागी म्हणजे बगळा आणि सो म्हणजे रोपटे. तेव्हा मराठीत त्याला सरळ ‘बगळाफूल’ म्हणायला हरकत नाही.

हुबेहूब पंख

सागिसो ही जमिनीवर वाढणारी ऑर्किड आहे. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. रोप असते जेमतेम वीतभर किंवा त्याहून थोडे उंच. पाने गवतासारखी अरुंद. फूल नसेल तेव्हा ते गवतात ओळखूही येत नाही. जुलै-ऑगस्ट आला, की बारीक देठाच्या टोकाला एक-दोन, फार तर थोडी अधिक फुले लागतात. फूल तीन-चार सेंटिमीटर रुंद, पांढरेशुभ्र.

आमरीच्या फुलात एक पाकळी इतरांहून वेगळी असते. तिला ओठ म्हणतात. सागिसोच्या ओठाचे तीन भाग होतात. मधला भाग अरुंद, पक्ष्याच्या अंगासारखा. बाजूचे दोन भाग दोन्हीकडे पसरलेले, आणि त्यांच्या कडा अशा काही चिरलेल्या, की उडताना पंखांची टोकाची पिसे फाकावीत तशा दिसतात. फुलाच्या मागून मधाची एक लांब नळी खाली लोंबते. उडत्या बगळ्याचे पाय मागे लांबलेले असतात, तशी. वाऱ्यावर देठ हलला की चित्र पुरे होते. हिरव्या गवतावरून एक इवलासा बगळा तरंगत चालला आहे असा भास होतो.

आता बगळा पाहा. आपल्याकडचा लहान बगळा चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ६० सेंटिमीटर भरतो. चोच काळी, पाय काळे, पण पायाची बोटे मात्र पिवळी, जणू पिवळे मोजे घातले आहेत. एरवी तो साधा पांढरा असतो. विणीचा हंगाम आला, की त्याला वेगळाच बहर येतो. डोक्यामागे दोन लांब पिसे लोंबू लागतात. पाठीवर आणि छातीवर झिरझिरीत तंतूंची झालर येते. ही पिसे इतर पिसांसारखी एकसंध नसतात. त्यांचे धागे सुटे असतात, त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली तरी ती थरथरतात. इंग्रजीत या पक्ष्याला ‘एग्रेट’ म्हणतात, आणि फ्रेंच भाषेत या पिसांच्या तुऱ्यालाही जवळजवळ त्याच उच्चाराचा शब्द आहे. दोन्ही शब्द एकाच घरचे. म्हणजे पक्षी आणि त्याचा तुरा यांना भाषेनेही वेगळे मानले नाही!

राजवाड्यातली गोष्ट

एवढे साम्य असल्यावर गोष्ट जन्माला येणारच. टोकियो शहराच्या सेतागाया या भागात सागिसोची एक लोककथा सांगतात. अनेक लोककथांप्रमाणे तिचीही रूपे वेगवेगळी आहेत. त्यातले एक असे.

सेतागायाच्या गढीचा सरदार किरा योरियासु याची तोकिवा नावाची लाडकी स्त्री होती. तिचे माहेर जवळच्याच ओकुसावाच्या गढीत. सरदाराचा तिच्यावर फार जीव. ते इतर स्त्रियांना सहन होईना. त्यांनी तिच्याविषयी नाही नाही ते सरदाराच्या कानी घातले. तो तिच्याशी बोलेनासा झाला. निर्दोष तोकिवाने जीव देण्याचे ठरवले. माहेराहून येताना तिने एक पांढरा बगळा आणला होता. त्याच्या पायाला तिने शेवटची चिठ्ठी बांधली आणि त्याला ओकुसावाच्या दिशेने सोडले. वाटेत सरदार शिकारीला आला होता. त्याने बगळा पाडला आणि चिठ्ठी त्याच्याच हाती पडली. तो धावत परतला, पण उशीर झाला होता. बगळा जिथे पडला, तिथे पुढे पंख पसरल्यासारखी पांढरी फुले उगवली. तेच हे सागिसो!

सासर-माहेर, मत्सर, उशिरा आलेली अक्कल... कथा जपानची असली तरी आपल्याकडच्या आजीलाही ती परकी वाटणार नाही. आज सागिसो हे सेतागायाचे मानाचे फूल आहे.

जपानच्या हिमेजी शहराने तर दोघांनाही मान दिला आहे. तिथला पांढऱ्या भिंतींचा किल्ला ‘बगळ्याचा किल्ला’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९९३ साली तो जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला. हिमेजीचा अधिकृत पक्षी पांढरा बगळा आणि अधिकृत फूल सागिसो.

नक्कल कुणी केली?

साहजिकच प्रश्न येतो, फुलाने पक्ष्याची नक्कल केली की काय? आमरीच्या कुळात नकला करणारी फुले आहेत, हे खरे. युरोपातल्या काही आमऱ्यांची फुले मादी मधमाशीसारखी दिसतात आणि नर मधमाशीला फसवून परागांची ने-आण करून घेतात. पण बगळ्यासारखे दिसून सागिसोचा काय फायदा? बगळा फुलावर येत नाही. फुलावर येणाऱ्या पतंगाला बगळ्याशी काही कर्तव्य नाही. तेव्हा हे साम्य केवळ माणसाच्या डोळ्याला दिसणारे आहे. दोघांना हा आकार वेगवेगळ्या कारणांनी मिळाला.

बगळ्याच्या झालरीचे काम सरळ आहे. ती लग्नाची पोशाखी पिसे आहेत. नर आणि मादी दोघांनाही ती येतात. घरट्याच्या जागी उभे राहून ती फुलवायची, जोडीदाराला दाखवायची, परक्याला दटावायचे. अंडी-पिल्लांचा हंगाम सरला की ती गळून जातात.

फुलाच्या झालरीचे कोडे मात्र बराच काळ सुटले नव्हते. सागिसोचे मुख्य पाहुणे म्हणजे लांब सोंडेचे पतंग, इंग्रजीत ज्यांना ‘हॉक मॉथ’ म्हणतात ते. हे पतंग हवेत एका जागी भिरभिरत राहतात आणि सोंड मधाच्या नळीत घालतात. त्या वेळी परागांची गाठोडी त्यांना चिकटतात आणि पुढच्या फुलावर पोहोचतात. हवेतच तरंगणाऱ्या पाहुण्याला बसायला पाट कशाला? म्हणून ही झालर त्यांच्या पायांसाठी नसावी, ती केवळ लांबून दिसण्यासाठी असावी, असे मानले जाई.

कोबे विद्यापीठाचे केंजी सुएत्सुगु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. त्यांचे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी काही फुलांची झालर कात्रीने कापली, काहींची तशीच ठेवली आणि मग फळे मोजली. झालर गेल्याने फळ धरण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. फळ फोडून पाहिल्यावर मात्र फरक दिसला. झालर कापलेल्या फुलांच्या फळांत निरोगी बिया कमी होत्या. शिवाय निरीक्षणात दिसले, की पतंग भिरभिरत असतानाच मधले पाय या झालरीवर टेकवतात. चालत्या बसमध्ये उभ्या माणसाने दांडी धरावी तसे. हाताला आधार असला की माणूस स्थिर उभा राहतो. झालरीचा आधार मिळाला की पतंगही फुलाशी नीट जुळतो आणि परागांचे काम चांगले होते.

म्हणजे पक्ष्याची झालर जोडीदारासाठी, फुलाची झालर पाहुण्यासाठी. शेवटी दोन्हींचा उद्देश पुढची पिढी हाच! माणूस या व्यवहारात कुठेच नव्हता. पण झालर त्याच्या नजरेत भरली आणि तिथून दोघांच्याही मागे साडेसाती लागली.

सोन्याहून महाग

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची फॅशन आली. सगळ्यात मागणी बगळ्याच्या झालरीला. काही काळ या पिसांना वजनाला सोन्याहून जास्त भाव मिळत होता. पण ही पिसे येतात विणीच्या हंगामातच, आणि त्या वेळी बगळे शेकड्यांनी एकत्र घरटी करतात. अशा वसाहतीला मराठीत सारंगागार असा छान शब्द आहे. शिकाऱ्याचे काम त्यामुळे सोपे झाले. घरट्यावरून आईबाप मारायचे, पाठीची पिसे ओढायची, धड टाकून द्यायचे. घरट्यातली पिल्ले उपाशी मरत. एक तुरा म्हणजे एक पक्षी, असा हिशेब नव्हता. एका तुऱ्यामागे घरेच्या घरे बसत होती.

किती पक्षी मेले असतील? १९०२ साली लंडनच्या लिलाव बाजारात अशा पिसांचे १,६०८ गठ्ठे विकले गेले. प्रत्येक गठ्ठा सुमारे ३० औंसांचा. एकूण ४८,२४० औंस, म्हणजे सुमारे १,३७० किलो. एका औंसाला साधारण ४ पक्षी लागतात. गुणाकार केला की आकडा येतो १ लाख ९२ हजार ९६०. हा एका शहराचा, एका वर्षाचा हिशेब!

या व्यापारात आपला देशही होता. पिसांची निर्यात इतकी वाढली, की १९०२ साली त्या वेळच्या हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. चोरटा व्यापार तरीही चालूच राहिला. सिंधमध्ये तर तलावांकाठी बगळे पाळून, त्यांना न मारता पिसे काढण्याचा धंदा उभा राहिला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१४ साली त्याची माहिती छापून आली.

या फॅशनला विरोध केला तोही बायकांनीच. इंग्लंडमध्ये १८८९ साली एमिली विल्यमसन या गृहिणीने मँचेस्टरजवळच्या आपल्या घरी काही बायकांना जमवले. सभासद होण्याची मुख्य अट एकच, अशी पिसे वापरायची नाहीत. त्यातूनच पुढे इंग्लंडची सगळ्यात मोठी पक्षी संरक्षण संस्था उभी राहिली. अमेरिकेत बोस्टनच्या हॅरिएट हेमनवे आणि मिना हॉल या नात्यातल्या दोघी बहिणींनी १८९६ मध्ये तसेच केले. शहरातल्या प्रतिष्ठित बायकांना चहाला बोलवायचे आणि टोपीवरची पिसे सोडायला लावायची, हा त्यांचा मार्ग. हळदीकुंकवाच्या निमित्ताने एखादी मोहीम चालवावी, तसाच हा प्रकार!

हे काम नुसत्या चहावर भागले नाही. १९०५ साली फ्लोरिडात गाय ब्रॅडली नावाचा रक्षक बगळ्यांची वसाहत राखताना शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला. पुढे अमेरिकेत कायदे कडक झाले. ब्रिटनने १९२१ साली पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला. केसांचे कापही आखूड झाले आणि मोठ्या टोप्यांची फॅशन मागे पडली. बाजार बसला आणि बगळा वाचला.

बगळा परतला

नुसता वाचला असे नाही, तो परतला. ब्रिटनमध्ये लहान बगळ्याची वीण होत नव्हती. फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्याची संख्या वाढली, तसा तो समुद्र ओलांडून येऊ लागला. १९९६ साली दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर त्याने घरटे केले. आता तिथे तो नेहमीचा पक्षी झाला आहे. कुणी त्याला पिंजऱ्यात घालून नेले नाही. बंदुका थांबल्या, पाणथळ जागा मिळाली, एवढे पुरले. बाकीचे काम पंखांनी केले.

आपल्याकडे तर अशा राखणीचे फार जुने उदाहरण आहे. तमिळनाडूत चेन्नईच्या दक्षिणेला वेदांथंगल नावाचे गाव आहे. तिथल्या तळ्यातल्या झाडांवर बगळे, पाणकावळे, करकोचे दरवर्षी घरटी करतात. पक्ष्यांची विष्ठा तळ्याच्या पाण्यात पडते, ते पाणी शेतीला मिळते आणि पीक चांगले येते, हे गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले होते. गोरे सोजीर पक्ष्यांवर गोळ्या झाडू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी तक्रार केली आणि १७९८ साली कलेक्टरकडून राखणीचा लेखी हक्क मिळवला. त्यांनी पक्षीशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. शेतकऱ्याला आपले हित कळत होते, इतकेच.

अर्थात बगळ्यावरचे सगळे संकट बंदुकीचेच होते असेही नाही. जपानमध्ये टोकियोच्या उत्तरेला, सैतामा भागात नोदा इथे बगळ्यांचे प्रसिद्ध सारंगागार होते. १९५२ साली त्याला राष्ट्रीय पातळीवर निसर्गवारशाचा सर्वोच्च दर्जा मिळाला. कायदा होता, मान होता, शिकारी नव्हते. पण भोवतालची भातखाचरे कमी झाली, शेतात कीटकनाशके आली. १९७२ पासून तिथे घरटी होणे थांबले. बगळेच उरले नाहीत म्हणून १९८४ साली तो दर्जाही काढून घ्यावा लागला. पक्षी राखायचा तर त्याचे ताट राखावे लागते, हा धडा त्यातून मिळाला. फरक एवढाच, की नोदाचे बगळे दुसरीकडे उडून जाऊ शकत होते.

फुलाला पंख नुसते दिसायला

आणि इथेच देठावरचा बगळा मागे पडतो. सागिसोला जी जागा लागते ती फार नेमकी. पाणी सतत झिरपत राहिले पाहिजे, पण खोल साचता कामा नये. माती निकस हवी. खतावलेल्या मातीत दांडगे गवत माजते आणि या वीतभर रोपाला झाकून टाकते. ऊन भरपूर हवे. डोंगराच्या पायथ्याशी, शेतांच्या वरच्या अंगाला अशा छोट्या पाणथळी जपानी खेड्यांत पुष्कळ होत्या. शेतकरी जनावरांसाठी आणि खतासाठी तिथले गवत कापून नेत. त्यामुळे जागा मोकळी राही आणि सागिसोला ऊन मिळे. पुढे खेड्यांतली तरुण मंडळी शहराकडे गेली, गवत कापणारे उरले नाहीत. काही पाणथळी भराव घालून बुजवल्या, काहींवर झाडोरा माजला.

उरलेल्या ठिकाणी माणसाचा हात पोहोचला. एवढे देखणे फूल दिसल्यावर उपटून घरी नेण्याचा मोह किती जणांना आवरणार? कुंडीसाठी, विक्रीसाठी रानातले गड्डे उकरले गेले. ज्या साम्यामुळे फुलाला नाव मिळाले, लोककथा मिळाली, त्याच साम्याने त्याच्यावर संकट आणले. सेतागायाच्या ज्या भागातली ती कथा, तिथे आता मूळचे रानटी सागिसो उरलेले नाही. जपान सरकारच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत त्याची नोंद ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ अशा अर्थाच्या वर्गात आहे.

बगळ्यासारखे ते दुसरीकडे का जात नाही? त्याच्या बिया धुळीसारख्या बारीक असतात, त्या वाऱ्यावर लांब जाऊही शकतात. पण आमरीच्या बीमध्ये अन्नाचा साठाच नसतो. गव्हाच्या दाण्यात पीठ असते, हरभऱ्यात डाळ असते, तशी शिदोरी निसर्गाने तिला दिली नाही. जमिनीत विशिष्ट बुरशी भेटली, तिने अन्न पुरवले, तरच ती रुजते. योग्य ओल, योग्य ऊन आणि योग्य बुरशी असा तिहेरी योग जुळायला हवा. असंख्य बियांतून एखादीलाच तो लाभतो.

जुन्या जागी ते टिकते ते गड्ड्यांच्या जोरावर. मातीखाली छोट्या गोटीएवढा गड्डा असतो. त्यातून रोप उगवते आणि हंगामाच्या शेवटी जुना गड्डा सुकून जातो. त्याआधी रोपाने जमिनीखालून धुमारे सोडून टोकाला दोन-तीन नवे गड्डे तयार केलेले असतात. थंडीत ते निजतात, वसंतात उठतात. ज्याने फुलासह रोप उपटले, त्याने पुढच्या वर्षाचे हे गड्डेही होण्याआधीच संपवले.

जपानमध्ये बरेच गावकरी आणि निसर्गप्रेमी आता ठरल्या वेळी पाणथळीतले गवत कापतात, वाढलेली झुडपे काढतात. पूर्वीचा शेतकरी गरजेपोटी जे करीत होता, ते आता मुद्दाम करावे लागते. बगळ्याच्या बाबतीत माणसाने हात आवरला की काम झाले. फुलाच्या बाबतीत हात आवरायचाही आहे आणि कामाला लावायचाही आहे.

सह्याद्रीतले भाऊबंद

सागिसो आपल्याकडे रानात उगवत नाही. त्याचे भाऊबंद मात्र सह्याद्रीत पावसाळाभर फुललेले असतात. शास्त्रज्ञांपैकी काही जण सागिसोला ‘हबेनारिया’ या गणात घालतात, काही ‘पेक्टायलिस’ या गणात. दोन्ही गणांच्या आमऱ्या महाराष्ट्रात आहेत. साताऱ्याच्या कास पठारावर दात घासण्याच्या ब्रशसारखा पांढऱ्या फुलांचा तुरा दिसतो, ती हबेनारियाच. याच गणातल्या एका आमरीची मधाची नळी १० सेंटिमीटरहूनही लांब असते. पेक्टायलिस गणातली एक मोठी, सुवासिक पांढरी आमरी घाटातल्या गवताळ उतारांवर फुलते. तिच्या ओठाच्या बाजूच्या पाळ्याही सागिसोसारख्याच झालरदार असतात, आणि फूल सागिसोपेक्षा कितीतरी मोठे असते. पाहायला जपानला जायलाच हवे असे नाही!

यांनाही जमिनीखाली गड्डा असतो, यांनाही बुरशीची सोबत लागते. ‘एकच घेतले तर काय बिघडते’ असे म्हणणारा हात यांच्याकडेही वळतो. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासही आले. गर्दी इतकी वाढली, की फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. बगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पायाखाली येणाऱ्या फुलाला मात्र बहुतेक वेळा पाहणाऱ्याच्या शहाणपणाचाच आधार असतो.

बियांच्या पाकिटापासून सावध

सागिसोची छायाचित्रे आता घरोघरी मोबाइलवर पोहोचली आहेत. त्यापाठोपाठ ‘बगळा ऑर्किडच्या बिया’ म्हणून स्वस्तात पाकिटे विकणाऱ्या जाहिरातीही आल्या. बागेची हौस असणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. आमरीचे बी धुळीसारखे असते आणि बुरशीशिवाय किंवा प्रयोगशाळेतल्या बाटलीतल्या पोषकद्रव्याशिवाय रुजत नाही, हे वर आलेच आहे. तेव्हा पाकिटात मोहरीएवढे किंवा तिळाएवढे दाणे निघाले, तर ते आणखी कशाचे तरी बी आहे हे नक्की समजावे. कुंडीत मातीवर पसरून खऱ्या बियाही उगवणार नाहीत.

हे रोप घरी लावतात ते गड्ड्यांपासून. जपानमध्ये बागेत वाढवलेले गड्डे रोपवाटिकांत सहज मिळतात. असे गड्डे विकत घेण्यात गैर काही नाही, कारण त्यामुळे रानातल्या रोपांवरचा भार हलका होतो. सीमेपार मागवताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत जगातल्या सगळ्या आमऱ्या येतात. कागदपत्रांशिवाय त्यांची ने-आण करता येत नाही. रोप कुठून आले हे विक्रेत्याला विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर हौसेला मुरड घालावी.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टोपी विकत घेणाऱ्या बाईने दुकानदाराला असाच एक प्रश्न विचारायला सुरुवात केली होती, ‘हे पीस कुठले?’ त्या प्रश्नाने बगळ्याची पाठ वाचली. आज तो आपल्या खाचरांत, नाल्यांवर, तळ्यांकाठी खुशाल उभा आहे. त्याची ती पांढरी झालर पाहायची तर त्याच्या विणीच्या हंगामात गावाबाहेरच्या चिंचेवर किंवा बाभळीवर, लांबूनच नजर टाकावी. आणि पावसाळ्यात घाटात गेलात, तर गवतात पाय जपून टाकावा. तिथेही कुणी पंख पसरून उभे असेल. त्याला उडून जाता येत नाही.